वर चिकण माती, खाली वाळू : हिमयुगातल्या सरोवराच्या मैदानावरची जमीन कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ऑशकोशच्या पश्चिमेला लेक पॉयगनच्या बाजूला पाच एकर सपाट जमीन घेतली आहे. वरचा थर जड, तांबूस चिकण मातीचा आहे आणि साधारण अडीच फुटांवर स्वच्छ वाळू लागते. खाली वाळू असूनही बर्फ वितळल्यावर वर कितीतरी दिवस पाणी उभे का राहते? आणि चिकण थर जागोजागी फोडून ते पाणी वाळूत सोडले तर निचरा होईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. वाळूतले पाणी वसंतात किती उंचीवर उभे असते हे मोजल्याशिवाय चिकण थराला हात लावू नका. खाली वाळू दिसली म्हणजे खाली मोकळी जागा आहे असे बहुतेकांना वाटते. या मैदानावर ती वाळू पुष्कळदा आधीच पाण्याने भरलेली असते, आणि वरची चिकण माती हेच त्या पाण्यावरचे झाकण असते.

हे थर असे का पडले ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. फॉक्स नदी आजही ईशान्येकडे, ग्रीन बेकडे वाहते. हिमयुगाच्या अखेरीस ग्रीन बेच्या खोलगट भागात बर्फाची प्रचंड जीभ होती आणि तिने नदीचा हा मार्ग अडवला होता. अडलेल्या पाण्याचे जे सरोवर झाले त्याला आज ग्लेशियल लेक ऑशकोश म्हणतात. बर्फ पुढे असताना त्याचे पाणी नैर्ऋत्येला, पोर्टेजच्या बाजूने विस्कॉन्सिन नदीत जाई. बर्फ मागे सरकला की पूर्वेकडच्या खालच्या वाटा उघडत आणि पातळी उतरे. बर्फ पुन्हा पुढे आला की पातळी पुन्हा चढे. मिशिगन सरोवराच्या काठावर टू क्रीक्स इथे अशाच एका पुनरागमनात गाडले गेलेले जंगल सापडले आहे. त्याचे वय साधारण १३,५०० ते १४,००० वर्षे आहे.

पाणी उथळ आणि वाहते असताना वाळू बसली. पाणी खोल आणि निवांत झाल्यावर चिकण कण बसले. पाण्यात कण किती वेगाने तळाशी बसतो हे सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने हिशोब केला तर ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण १० सेंटिमीटर पाण्यातून दहा-बारा सेकंदांत खाली येतो, तर २ मायक्रॉनच्या चिकण कणाला त्याच अंतरासाठी सुमारे आठ तास लागतात. बर्फाच्या थंड पाण्यात त्याहून जास्त. म्हणजे चिकण माती बसायला नुसते पाणी पुरत नाही, दीर्घकाळ न हलणारे पाणी लागते. तुमच्या शेतातला वाळू-चिकण सांधा ही सरोवराची पातळी चढल्याची खूण आहे. मातीचा तांबूस रंग सुपीरियर सरोवराच्या खोऱ्यातून बर्फाने खरवडून आणलेल्या लोहयुक्त गाळाचा आहे. तो निचऱ्याने आलेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

या भागाच्या मृदा नकाशात अशा जमिनींची तीन नावे भेटतात: बॉर्थ, झिट्टाउ आणि पोय. तिन्हींत वर सरोवराचा चिकण गाळ आणि खाली वाळू. फरक पाण्याचा. किंचित उंचवट्यावर बॉर्थ, तिचा निचरा मध्यम बरा. त्याखालच्या सपाटीवर झिट्टाउ, तिचा निचरा काहीसा अपुरा. सखल भागात पोय, जी वर्षातला बराच काळ ओली असते आणि जिचा वरचा थर सेंद्रिय पदार्थाने काळा झालेला असतो. या तिन्हींमधला उंचीचा फरक पुष्कळदा इतका थोडा असतो की डोळ्यांना सगळे रान एकच दिसते. एनआरसीएसचा (अमेरिकी कृषी खात्याच्या मृदा संवर्धन संस्थेचा) वेब सॉइल सर्व्हे नकाशा फुकट पाहता येतो, तिथून सुरुवात करा. पण त्या नकाशाचे प्रमाण शेताच्या कोपऱ्याचा निर्णय घेण्यासाठी नाही. एकाच रंगाच्या तुकड्यात दुसऱ्या मातीचे लहान पट्टे असतात हे गृहीत धरा.

वर्गीकरणात अशा जमिनीला ‘वाळूवर चिकण’ हा गट मिळण्यासाठी वरच्या भागात चिकण कण किमान ३५ टक्के हवेत, खालचा भाग वाळू किंवा पोयटायुक्त वाळूचा हवा, आणि दोन्हींमधला संक्रमणाचा पट्टा १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचा हवा. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. चिकण माती हळूहळू भरड होत वाळूला मिळाली तर पाण्याला पायऱ्या मिळतात. तोडल्यासारखा सांधा असेल तर पाणी अडते. मृदा वर्णनात ‘२सी’ असा थर लिहिलेला दिसेल. त्यातला २ चा आकडा म्हणजे इथून खालचे मूळद्रव्य वेगळे आहे. ‘एपी’ म्हणजे नांगरटीचा थर, ‘बीटी’ म्हणजे वरून उतरलेले चिकण कण जिथे साठले तो थर, आणि ‘जी’ हे अक्षर लागले की तो थर दीर्घकाळ पाण्याखाली राहून करडा पडलेला आहे असे समजावे. तुमच्याकडचा साचा साधारण असा निघेल: २० ते २५ सेंटिमीटर नांगरटीचा थर, मग ५० ते १०० सेंटिमीटरपर्यंत ठोकळ्यांसारख्या रचनेची लालसर चिकण माती, आणि तिच्याखाली सुटी वाळू, जिला रचनाच नसते.

आता पाणी वर का थांबते. पहिले कारण सरळ आहे. अशी चिकण माती संपृक्त असताना तासाला दोन-चार मिलिमीटर पाणी सोडते, खालची वाळू दीडशे मिलिमीटरच्या वर. ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि माती तासाला २ मिलिमीटरने पीत असेल तर तेवढे पाणी जिरायला एक दिवस आणि वर एक तास लागेल. खाली वाळू आहे की खडक, याने त्या वेगात फारसा फरक पडत नाही, कारण अडथळा वर आहे. त्यात मार्चमध्ये जमीन आतून गोठलेली असेल तर तेवढेही जिरत नाही.

दुसरे कारण कमी लोकांना माहीत असते आणि तेच जास्त फसवते. वाळू कोरडी असली तरी चिकण मातीतले पाणी तिच्यात आपणहून उतरत नाही. चिकण मातीची छिद्रे बारीक असतात, ती पाणी जोराने धरून ठेवतात. वाळूची छिद्रे मोठी, त्यांची ओढ कमी. सांध्यावरचे पाणी जवळजवळ मुक्त होईपर्यंत, म्हणजे मध्यम वाळूच्या बाबतीत त्यावरचा ताण १० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका खाली येईपर्यंत, ते वाळूत शिरत नाही. तोवर चिकण थराचा तळ भरत राहतो. म्हणून वाळूवर बसलेली चिकण माती, खाली अखंड चिकण असलेल्या मातीपेक्षा, सांध्याजवळ जास्त ओली राहते. कुंडीच्या तळाशी खडे घातले की वरची माती जास्त वेळ ओली राहते, त्यामागचा नियम हाच. महाराष्ट्रात नदीकाठच्या मळईत गाळाखाली वाळूचा पट्टा लागतो तिथेही तोच नियम चालतो, जरी तो गाळ हिमनदीने आणलेला नसला तरी.

याची दुसरी बाजू ऑगस्टमध्ये दिसते. चिकण थर ७५ सेंटिमीटरचा असेल आणि त्यात पिकाला घेता येण्याजोगे पाणी १२ ते १५ टक्के धरले तर साठा ९० ते ११० मिलिमीटर होतो. त्याखालच्या ४५ सेंटिमीटर वाळूत जेमतेम २० मिलिमीटर. मका ऐन भरात दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर पाणी ओढतो. म्हणजे पाऊस न पडता दोन ते तीन आठवडे, आणि तेही मुळे सांध्यापर्यंत पोहोचली असतील तरच. वसंतात चिकण थर पाण्याने भरलेला असेल तर मुळे वरच्या फूटभरातच पसरतात. मग एप्रिलमध्ये बुडालेले शेत ऑगस्टमध्ये करपते. निचरा सुधारला की दुष्काळातही पीक जास्त तग धरते, ते या कारणाने.

आता मोजमाप. खणण्यापूर्वी ८११ वर फोन करून जमिनीखालच्या वायू, वीज आणि दूरध्वनीच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्या. ही सेवा फुकट आहे. मग साधारण ८ सेंटिमीटर व्यासाचा बादलीसारखा ऑगर (फिरवून माती वर काढायचे हत्यार) घ्या आणि दीड ते दोन मीटरपर्यंत जा. सगळ्यात उंच, मधल्या आणि सखल जागी प्रत्येकी किमान दोन भोके. निघालेली माती ताडपत्रीवर क्रमाने मांडा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर कुठला गोळा किती खोलीचा हे दहा मिनिटांत विसरायला होते. ओलसर गोळा अंगठा आणि तर्जनीमधून दाबत पट्टी काढा. पट्टी न तुटता ५ सेंटिमीटर किंवा जास्त लांब निघाली तर चिकण, अडीच ते पाचच्या मध्ये तुटली तर चिकण पोयटा. सांध्याची नेमकी खोली सेंटिमीटरमध्ये लिहा, आणि सांधा धारदार आहे की विरघळत गेलेला तेही. प्रत्येक थरावर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, डोळ्यांना गॉगल लावून. फेस आला तर चुनखडी किंवा डोलोमाइट आहे. वरच्या थरातून ते बहुधा धुऊन गेलेले असते आणि कुठल्यातरी खोलीवर फेस अचानक सुरू होतो. तिथपर्यंत झिरपण पोहोचली आहे असे समजायचे.

रंग वाचताना सावध राहा. इतर मातीत करडा रंग आणि गंजाचे डाग दिसले की इथपर्यंत पाणी चढते असे सांगता येते. इथल्या मूळच्या लाल गाळात लोह इतके घट्ट बसलेले असते की पाण्याखाली राहूनही तो सहज करडा पडत नाही. म्हणून लाल दिसली म्हणजे निचरा चांगला, हा इतर ठिकाणचा आडाखा इथे चालत नाही. मुळांच्या जुन्या वाटांभोवती करडी किनार आहे का, ठोकळ्यांच्या पृष्ठभागावर फिकट पापुद्रा आहे का, काळे मँगनीजचे ठिपके आहेत का ते भिंगाने पाहा. आणि सांध्याखालच्या वाळूचा रंग जरूर पाहा. तिथे खुणा जास्त स्पष्ट असतात: सतत बुडालेली वाळू करडी, पातळी जिथे वरखाली होते तिथे नारिंगी पट्टे.

सगळ्यात निर्णायक चाचणी मात्र दोन नळ्यांची. २५ ते ५० मिलिमीटर व्यासाच्या दोन पीव्हीसी नळ्या एकमेकींपासून मीटरभर अंतरावर बसवा. पहिलीचा छिद्रांचा भाग पूर्ण चिकण थरात ठेवा, तळ सांध्याच्या किमान १५ सेंटिमीटर वर. दुसरीचा छिद्रांचा भाग फक्त वाळूत, सांध्याच्या ३० सेंटिमीटर खाली. छिद्रांभोवती स्वच्छ गाळण वाळू भरा आणि त्यावर भोक बेंटोनाइटच्या (पाण्यात फुगून फट बुजवणाऱ्या चिकण मातीच्या) गोळ्यांनी बंद करा. दुसऱ्या नळीत हे बेंटोनाइट चिकण थराच्या पूर्ण जाडीत हवे. ते कमी पडले तर वरचे पाणी नळीच्या कडेने खाली उतरते आणि दोन्ही नळ्या एकच खोटी पातळी दाखवतात. बर्फ वितळायला लागल्यापासून जूनपर्यंत आठवड्याला एकदा, आणि शरद ऋतूतल्या पावसानंतर पुन्हा, दोन्हींची पातळी लिहा. चिकण थरातली नळी सावकाश प्रतिसाद देते. बसवल्यावर पहिले काही दिवस तिच्यावर विश्वास ठेवू नका.

वाळूतली नळी वसंतात कोरडी आणि चिकण थरातली भरलेली असेल तर पाणी वर अडकलेले आहे, आणि वाळूला अजून पाणी घेता येईल. दोन्हींत एकच पातळी असेल तर तो भूजलाचा एकच साठा आहे. चिकण थर फोडून काही साधणार नाही. वाळूतल्या नळीत पाणी सांध्याच्या वर चढून उभे राहिले तर वाळू दाबाखाली आहे. अशा जागी तुम्ही पाडलेल्या प्रत्येक भोकात वाळूतले पाणी वर चढेल. ऑगस्टमध्ये पहिली स्थिती आणि एप्रिलमध्ये तिसरी, हे एकाच शेतात होऊ शकते, म्हणून उन्हाळ्यातल्या एका मोजणीवर निर्णय घेऊ नका. लेक विनेबेगो आणि त्याला जोडलेल्या पॉयगनसारख्या सरोवरांची पातळी नीना आणि मेनाशाच्या धरणांवरून राखली जाते. काठालगतच्या जमिनीत वाळूतले पाणी त्या पातळीच्या खाली कायमचे नेता येत नाही.

वाळू कोरडी निघाली तरीही उभे छिद्र पाडून शेतातले पाणी तिच्यात सोडण्याच्या मी विरोधात आहे. चिकण थर नायट्रेट आणि तणनाशके रोखून धरतो. छिद्रातून ती थेट भूजलात जातात, आणि या भागातली घरे स्वतःच्या विहिरीचे पाणी पितात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजनची कायदेशीर मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. उन्हाळ्यात माती भेगाळते तेव्हा भेगा वाळूपर्यंत गेल्या तर हे आपोआपही घडते. ही माती आपल्या काळ्या रेगूरइतकी फुगत-आकसत नाही, पण भेगा पडतातच. म्हणून भेगाळलेल्या रानात नत्राचा पूर्ण हप्ता एकदम देऊ नका, हप्ते पाडून द्या.

निचरा हवाच असेल तर आडव्या सच्छिद्र पाइपने करा. त्याआधी कायदा. सखल, पोयसारख्या जमिनी पाणथळ ठरू शकतात. त्यांचा निचरा केला तर १९८५ च्या फूड सिक्युरिटी अॅक्टप्रमाणे शेतीचे सरकारी लाभ जातात, शिवाय राज्याच्या पर्यावरण खात्याचे नियम वेगळे आहेत. कृषी खात्याच्या कार्यालयात एडी-१०२६ हा फॉर्म भरून आधी लेखी निर्णय घ्या.

पाइप १०० मिलिमीटरचा, ९० ते १२० सेंटिमीटर खोलीवर. नुसत्या चिकण मातीत ओळींमधले अंतर ८ ते १२ मीटर ठेवावे लागते. वाळू त्या खोलीत येत असेल तर पाइप वाळूच्या वरच्या भागात ठेवा, कारण वाळू आडवे पाणी लांबून आणते आणि ओळी २०-३० मीटरवर गेल्या तरी चालते. निम्म्याहून जास्त पाइप वाचतो. मात्र तिथे पाइपला गाळणीच्या कापडाचा, पायमोज्यासारखा मोजा चढवलाच पाहिजे. ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरची एकसारखी बारीक वाळू सगळ्यात वाईट. पाण्याबरोबर ती पाइपात शिरते, पाइप भरतो आणि वर जमिनीत खळगे पडतात. चिकण मातीतल्या टप्प्यात मोजा लागत नाही. ज्या चरात गंजासारखा चिकट साका आणि पाण्यावर तेलकट पापुद्रा दिसतो तिथे मोजाही बुजतो. त्या पापुद्र्याला काडीने डिवचा. काचेसारखे तुकडे झाले तर ते लोह-जीवाणूंचे काम, पुन्हा जुळून आला तर खरोखरचे तेल. लोहाचा साका असेल तर ओळींची टोके धुण्यासाठी उघडी ठेवता येतील अशी रचना करा.

हे काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा, वाळूतले पाणी सगळ्यात खाली असताना. भरलेल्या वाळूत चर काढला तर तळ उकळल्यासारखा वर येतो, पाइपचा उतार बिघडतो आणि पाइप तरंगतो. चराच्या भिंतीही फसव्या असतात. वरचा चिकण भाग सरळ उभा राहतो, खालची वाळू निसटते आणि मग वरचा भाग एकसंध कोसळतो. अमेरिकन नियमाप्रमाणे ५ फूट किंवा जास्त खोल चरात आधार लावल्याशिवाय माणूस उतरू शकत नाही. या मातीत मी ४ फुटांवरच आधार लावायला सांगेन.

मशागतीत वाफसा हाच एक मोठा नियम. तळहातावर मातीची ३ मिलिमीटर जाडीची वळी न तुटता वळली गेली तर ट्रॅक्टर शेतात घालू नका. ओल्यात नांगरले तर नांगरतळ तयार होतो आणि झिरपण आणखी घटते. वाळू मिसळून माती हलकी करण्याचा विचार सोडून द्या. ४५ टक्के चिकण असलेला १५ सेंटिमीटरचा थर २० टक्क्यांवर आणायला एकरी सुमारे १,००० टन वाळू लागेल. त्यापेक्षा शेत हलके बाक देऊन बांधा, उंच वाफे करा, सेंद्रिय पदार्थ वाढवा, हिवाळ्यात रान उघडे ठेवू नका. जिप्समची शिफारस कोणी केली तर मातीचे सोडियम तपासून घ्या. चोपण जमिनीत जिप्सम काम करते, इथे कॅल्शियम आधीच भरपूर आहे. लसूणघास सखल भागात लावू नका. तिथे पाणी चिकण थराला टेकलेले असते, हिवाळ्यात बर्फाची भिंगे बनतात आणि झाडाचे खोड मुळासकट वर उचलले जाते. पाणी वाळूत पुरेसे खोल असेल तर हाच वाळूचा थर पाण्याला वर चढू देत नाही आणि उचल कमी होते.

बांधकामाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पाच एकर घेतले म्हणजे घर आणि तळे दोन्ही मनात असणार. तळघराचा खड्डा इथे चिकण थर ओलांडून वाळूत जातो. वसंतात वाळूतले पाणी तळघराच्या फरशीच्या वर येत असेल तर एक छोटा पंप आयुष्यभर पुरणार नाही. तळघर सोडा, भराव घालून घर उंचावर घ्या. भरावाखालची चिकण माती दबेल, पण खाली वाळू असल्याने पाणी वर आणि खाली दोन्हीकडून निघते. निचऱ्याचा मार्ग निम्मा होतो, म्हणून दबण्याचा वेळ एक चतुर्थांश. भराव एक हंगाम आधी टाकून ठेवणे म्हणूनच फायद्याचे.

सांडपाण्याची सोय बहुधा वाळूच्या उंचवट्याच्या पद्धतीने, म्हणजे जमिनीवर वाळूचा उंचवटा रचून त्यातून सांडपाणी मुरवण्याच्या पद्धतीने, करावी लागेल, जी विस्कॉन्सिन विद्यापीठात १९७० च्या दशकात विकसित झाली. तिचा पायाही चिकण माती कोरडी असतानाच खरवडायचा. ओल्यात खरवडला तर पृष्ठभाग लेपासारखा बंद होतो आणि उंचवट्याच्या पायथ्यातून पाणी फुटते. तळ्यासाठी उलटे धोरण. खोल खणण्याच्या नादात चिकण थर फुटला तर तळ्यातले पाणी वाळूतल्या पाण्याच्या पातळीला जाऊन बसते, कितीही भरले तरी. खणण्याआधी सांधा मोजा. तळाशी किमान ३० सेंटिमीटर चिकण थर अखंड राखणे शक्य नसेल, तर काढलेलीच चिकण माती योग्य ओलाव्यावर १५ सेंटिमीटरच्या थरांत पसरून मेंढीपायी रोलरने दाबून अस्तर करा. गुळगुळीत रोलरने दाबलेल्या थरांमध्ये जोड धरत नाही आणि गळती त्या जोडांतूनच सुरू होते.